कणकेची गत

इनास लोबो फिडल हनुवटीखाली धरत नाही,
छातीला टेकवतो, लेकरू धरावं तसं.
आजा कॅम्पातल्या मेसमध्ये आचारी होता,
त्यानं तसंच पाहिलेलं:
कुठल्याशा खेड्यातला गोरा शिपाई,
नोटेशनचा गंध नसलेला,
बुटाच्या टाचेनं ठेका देत
सुगीच्या नाचाची गत वाजवायचा.
आखूड गज. कोपर जेमतेम हलायचं.

गतीला भाग दोन, प्रत्येक दोनदा.
आजाला पहिलाच मिळाला,
दुसऱ्याआधी पलटण हलली.
फिडल राहिलं पिठाच्या डब्यामागे.
नाव विचारायचंही राहिलं;
घरात तिला ‘कणकेची’ म्हणतात.

शहापुरात, खडे बाजाराच्या बोळात
गुरुसिद्ध बडिगेर घोडी बदलतो,
तारा चढवतो, कान लावतो.
इनास अर्ध्यावर थांबतो.
‘इन्नोम्मे,’ गुरुसिद्ध म्हणतो.
इनास परत वाजवतो, परत तिथंच थांबतो,
आणि त्या जागेवरून
रंध्यावर बोट आपटत गुरुसिद्ध गुणगुणतो
पुढचं काहीतरी,
त्याच्या आईचं, जोंधळा मळतानाचं.

सूर जरासा खाली उतरतो. बसतो.

आता कुणी विचारलं, ही गत कुठली,
तर इनास
गजाला राळ लावत राहतो.