घट

वडील सेलमहून आले ते घरी न जाता
थेट विट्याच्या कॉलेजात, आमच्या प्रयोगशाळेत.
हातातल्या पिशवीत केळ्याचे वेफर्स,
बोटांवर तेजाबाचे ते पिवळे डाग
जे माझ्या बारशाच्या फोटोतही आहेत.

मी चंचुपात्र तापत ठेवलं होतं.
म्हटलं, थांबा, आत्ता सोनं होईल.
पाणी उकळत होतं, फिकट पिवळं.
मग रंग गेला. काहीच नाही,
मिनिटभर अगदी काहीच नाही.
मग दौत लवंडावी तशी शाई, मग जांभळट,
मग डाळिंब फोडल्यासारखं लाल.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
एकतीस वर्षं परक्यांच्या पेठेत
नुसत्या नजरेनं कस सांगणारा माणूस
त्या लालाकडं बघत राहिला.
"ह्ये सोनं?"
"सोनंच. पण इतकं बारीक
की त्याला पिवळं राहायला जागाच उरली नाही."
"आन् घट किती?"

मी आलेख काढून दाखवला असता,
पाचशे वीसवर उठलेली ती टेकडी,
जी मला रेवणसिद्धाच्या डोंगरासारखी दिसते
आणि हंकारे मॅडमना दिसत नाही.
पण गलाईवाल्याला विचारायचं असतं एवढंच:
घातलं किती, निघालं किती,
मधलं कुठं गेलं.
माझे निबंध तपासणारेही शेवटी तेच विचारतात,
फक्त इंग्रजीतून, आणि सहा महिन्यांनी.

मग ते कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटापाशी गेले.
हे काय?
यात आम्ल उघडायचं, म्हटलं,
धूर वर ओढला जातो, छपराबाहेर.
त्यांनी आत हात घातला.
पंखा चालू होता. मनगटावरचे केस वाऱ्यानं हलले.
बराच वेळ हात तसाच.
"ह्ये आमच्या गाळ्यात आसतं," म्हणाले,
"तर किसनआण्णा आज आसता."
आणि खोकले. आमच्या घरी
सगळे पुरुष असंच बोलणं संपवतात.

जाताना टेबलाखालची बरणी त्यांनीच हेरली.
दोन वर्षांचं माझं बिघडलेलं काम होतं ते:
ऊर्ध्वपातित पाणी संपलं म्हणून
नळाचं घातलं आणि निळं पडलं ते,
रात्री वीज गेल्यावर तळाशी बसलं ते,
रुकसारच्या लग्नाच्या गडबडीत विसरलं ते,
गाळणकागद, पुसलेले बोळे, हातमोजे.
"टाकणार हाईस?"
सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन
ज्यानं मला एम.एस्सी. केलं
त्याला मी हो कसं म्हणू?

चार दिवस परसात त्यांचं चाललं होतं.
कागद जाळले, राख मुशीत, वर टाकणखार.
आई म्हणाली, सुट्टीवर आलाय की कामावर?
ते तोंडातल्या तोंडात तमिळमध्ये आकडे मोजत होते.

पाचव्या दिवशी बटरपेपरची घडी.
आत मोहरीएवढा मणी. पिवळाधमक.
"पाव गुंज, आन् वर थोडं."
मी चार दशांशांच्या काट्यावर ठेवला.
अडतीस मिलिग्रॅम. हिशेब केला. बरोबर होते ते.
माझ्या सगळ्या चुकांचं वजन
असं एकरकमी मी कधी पाहिलं नव्हतं.

साठा नोंदवहीत लिहायला बसले.
वस्तू: सोनं. वजन: लिहिलं.
पुरवठादार: दाजीराम हणमंत शिरतोडे, गलाई, सेलम.
कार्यालयातून वही परत आली,
लाल शाईत, बिल जोडलेले नाही.

त्याला झाले तीन आठवडे.
वडील परत गेले.
मणी ड्रॉवरमध्ये आहे, घडीतच.
विरघळवायचा आहे, माहीत आहे मला,
क्लोराइडची बाटली संपत आली आहे.
रोज सकाळी पंखा चालू करते,
कपाटात हात घालून बघते
ओढ लागते का.