कारल्याचा पाला

अजनीच्या लोको शेडमधून रिटायर झालो
तेव्हापासून एवढंच राज्य :
मानेवाड्याच्या प्लॉटमागची बारा फूट जागा,
कूलरचं सांडपाणी,
मुनग्याचं एक झाड, कुंपणावर कारलं.

हेमराजची बायको इलोकोसची.
पहिल्याच उन्हाळ्यात
मी खुडून फेकलेला कारल्याचा पाला
तिनं टोपलीत भरून परत घरात आणला.
म्हटलं, अगं, हा गाईला.
म्हणाली, गाय शहाणी आहे.

मग बरबटी, वांगी, भेंडी, कोहळ्याच्या फोडी,
सगळं एकावर एक, पाणी नावाला,
आणि ढवळायचं नाही, नुसतं पातेलं हिसळायचं.
फोडणी कुठाय? तिखट कुठाय?
बागूंग इतवारीत मिळत नाही,
म्हणून सुकट मिठात मुरवून
आठवडाभर बरणीत ठेवलेली.
बोरकुटेबाईंनी खिडकी लावून घेतली.

पिनाकबेत म्हणते ती याला.
दोन घास खाल्ले. मग हळूच
वर सावजी मसाला भुरभुरला.
तिनं पाहिलं. बोलली नाही.

रविवारी फोनवर तिची आई.
लिगायानं फोन अंगणात फिरवला
तशी म्हातारी झाडाकडे बोट करून ओरडली :
मलुंगाय!
मुनगा, मी म्हटलं.
मलुंगाय.
मुनगा.
नेट गेलं तोवर दोघंही
आपलंच खरं करत राहिलो.

आता वेल छाटताना
कोवळा पाला वेगळा काढतो.
गाय रोजच्या वेळेला गेटाशी येऊन उभी राहते.
तिला काय सांगू.