तेवीस इंच

चरईतल्या क्रुसाच्या गल्लीत
ते घर अंग चोरून उभं आहे.
समोरून जेमतेम चौदा फूट,
आत मात्र पार विहिरीपर्यंत लांबलेलं.
दारावर दगडी कमान, कमानीवर कोरलेली पानं.
फिरंग्यांनी द्राक्षाची सांगितली असणार,
पण पाथरवट इथलाच,
त्यानं द्राक्षाचा वेल कुठे पाहिलेला,
म्हणून ती परसातल्या भेंडीची झाली आहेत.

मी महापालिकेचा माणूस. टेप माझा,
टेपचं दुसरं टोक सिप्रियान तुस्कानोच्या हातात,
वय एकाहत्तर, केमिकल कंपनीतून निवृत्त.
"यादीत घातलंत तेव्हा विचारलं होतं का मला?
खिडकीतला एक शिंपला फुटला
की तुमची समिती तीन महिने बसते.
तेवढ्यात कबुतर अंडी घालून, पिल्लं उडवून मोकळं."
मी लिहितो: खिडक्या सहा.
शिंपल्यांची तावदानं एकशे त्रेचाळीस.
एका जागी दुधाची पिशवी, कापून, खिळ्यांनी ठोकलेली.

ऑफिसात आकडे जुळवायला बसलो
तर वरच्या मजल्यावर, भिंतींची जाडी धरूनही,
तेवीस इंच कमी.
दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं.
पुन्हा तेवीस.

सिप्रियाननं टेप सोडला. सर्रकन माझ्याकडे आला.
मग त्यानं कपाट सरकवलं, एकट्यानं,
रोजची सवय असल्यासारखं.
"पलीकडचं घर पाडलं ना, टॉवरसाठी,
तेव्हा त्यांचा जिना चुकून आमच्याकडे राहिला."

अकरा पायऱ्या. वर जाऊन भिंतीला टेकतात.
प्रत्येक पायरीवर तपकिरी बियरच्या बाटल्या,
त्यांत दाबून भरलेला मसाला,
गळ्याला चिकटपट्टी, तिच्यावर महिना आणि साल
एकाच बाईच्या तिरक्या अक्षरात.
सगळ्यात वरची बाटली: मे, दोन वर्षांपूर्वीचा.
त्याच्या वरची पायरी रिकामी.
मी शिंकलो. बाटल्या किणकिणल्या.

"मातिल्दाला भिंतीतला गारवा पसंत होता," तो म्हणाला.
थोड्या वेळानं: "हे पण लिहाल?"

नकाशात मी ती भिंत
तेवीस इंच जास्त जाड काढली.
साहेबांनी सही केली, म्हणाले,
जुनी बांधकामं, बघा, कशी भक्कम.
फॉर्मात एक रकाना होता, 'सध्याचा वापर'.
तिथे मी 'राहता' लिहिलं,
आणि संध्याकाळभर
बोटांना मिरचीचा वास येत राहिला.