सत्त्याण्णव टक्के

पलीकडे पोचलं की नावाडी मरतो.
हेमांगीनं सांगून टाकलं,
तिचा गेम कधीच संपलाय.

म्हणून तीन आठवडे मी त्याला
अलीकडच्याच काठावर मासे धरायला लावतेय.
धरायचे, सोडायचे.
दर वेळी तो तेच म्हणतो,
"निघायचं ना, पोरी?"
आणि मी बटणावरून अंगठा उचलते.

आज गुरुवार.
कर्वेनगरात दहालाच लाईट गेली.
काळ्या पडद्यात माझंच तोंड,
बिनविंचरल्या केसांचं.
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

खाली टँकरवाला हॉर्न बडवतोय.
हेमांगीचा फोन: "मारलास का गं त्याला?"
लाईट नाही, म्हटलं.

पाचला येईल.
तोवर बसलाय तो
गळ टाकून,
पाठ माझ्याकडे.