वाऱ्याचं माप

आमची इमारत लाटेसारखी वळत जाते.
या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला दहा मिनिटं,
गुडघा रुसला असेल तर पंधरा.
मी आठव्या मजल्यावर.
समोर पाइनची झाडं, आणि त्यांच्या डोक्यावर
रेघेइतकं बाल्टिक.

आधी फुलं लावून पाहिली.
जिरेनियमच्या पाकळ्या जूनच्या एका रात्रीत
खाली उभ्या गाड्यांवर.
पेटुनियांची लक्तरं.
बाजारातली बाई म्हणाली, वाऱ्याशी भांडणारं नको,
वाऱ्याचं ऐकणारं न्या काहीतरी.
आणि मिस्कँथसचा एक गड्डा तिने
वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, कांद्याच्या पातीसारखा.

गवत? होनोराता फोनवर हसली.
आई, इकडे लोक ते कापायला पैसे मोजतात.

सव्वीस वर्षं मी गोदीत क्रेन चालवली.
वर काचेची खोली,
थर्मासमधला चहा, आणि वाऱ्याचा एक काटा.
काटा लाल रेघेला टेकला की काम बंद,
उचललेलं पोलाद हळू खाली.
आमचा विभाग मोडला तेव्हा सगळे म्हणाले,
वाऱ्यावर सोडलं आपल्याला.
मला ते कधी पटलं नाही.
वाऱ्यावर तर मी होतेच.
त्यांनी मला जमिनीवर सोडलं.

आता काटा नाही.
निळी फेस्क्यू नुसती थरथरली
तर चादरी वाळत घालायच्या.
पेनिसेटमच्या शेपट्या आडव्या झाल्या
तर खिडकी ओढून घ्यायची.
आणि मिस्कँथसची कुंडी फरशीवर करकरली
तर प्रार्थना म्हणायची, किंवा शिवी द्यायची.
तळाशी विटा घालते, माती नंतर.
हे कुणी शिकवलं नाही.
क्रेनच्या पाठीला वजन असतं
म्हणून तर ती पुढे झुकू शकते.

शरदात कात्री लावायची नाही.
वाळू दे, पिवळं पडू दे, खुळखुळू दे.
पोकळ दांड्यांत पाणी शिरलं तर गड्डा कुजतो.
नोव्हेंबरात कुंडीला गोणपाट,
त्यावर माझी कामावरची जुनी कोटी, पाठीवर अजून नंबर असलेली.
सकाळी दव गोठतं तेव्हा
एकेक तुरा पांढरा, ताठ,
आणि मी चहा विसरते.

सातव्या मजल्यावरचे गेरार्ड एकदा वर आले,
पायात सपाता, हातात वाडगा.
बीटाच्या सारात माझ्या तुऱ्यांचा कापूस तरंगत होता.
बोलले काहीच नाहीत. वाडगा दाखवला आणि गेले.

सहाव्या वर्षी कुंडी फुटली.
थंडीने नव्हे. आतून, मुळांनी.
मार्चची दुपार. मी पाव कापायची सुरी घेऊन बसले,
तिचं पातं वाकलं, गड्डा तसाच.
आवाज ऐकून गेरार्ड करवत घेऊन आले.
आम्ही दोघं गुडघ्यांवर,
तो पुढे ओढतोय, मी मागे,
मध्ये लाकडासारखं घट्ट गवत
आणि ओल्या मातीचा वास,
जो आठव्या मजल्यावर एरवी कधी येत नाही.
शेवटी कट्‌ करून दोन झाले.

अर्धं त्यांना दिलं. घेताना म्हणाले,
माझ्याकडे काही जगत नाही.

आता खरं सांगते, मला राग येतो.
त्यांचं माझ्यापेक्षा दाट झालंय.
खाली वारा कमी, भिंतीची ऊब जास्त,
विटासुद्धा घातल्या नाहीत माणसाने.
ऑगस्टात त्यांची पाती माझ्या कठड्याला खालून शिवतात.
मी वाकून बघते, रोज, चोरून.
काल ते वर बघत होते.

समुद्रावरून वारा निघाला.
आधी फेस्क्यू.
मग शेपट्या.
मी चादरी काढायला उठले
आणि खालून आवाज आला:
लाल रेघ का हो?

अजून नाही, मी म्हटलं. अजून थोडं आहे.