सहा मिलिमीटर

अवूओर म्हणजे मध्यरात्री जन्मलेली.
रात्रपाळी तिच्याच वाट्याला येते, तेव्हा ती म्हणते,
"आईनं नाव ठेवतानाच ड्यूटी लावून टाकली."
किसुमूच्या या प्रयोगशाळेत
दोनच्या सुमारास वीज जाते, जनरेटर खोकतो,
इन्क्युबेटरमधल्या पस्तीस अंशांना
क्षणभर कापरं भरतं.

ती बशी बाहेर काढते.
तळाला निळ्या शाईत: अपियो, वय तीन, डुंगा किनारा.
परवा आली होती आईच्या पाठीशी बांधलेली,
आईच्या बोटांना वाळत घातलेल्या ओमेनाचा वास,
आणि फडक्यात आव, रक्त.

बशीत सहा चकत्या, टिकलीएवढ्या.
एकेकीत एकेक औषध मुरवलेलं.
औषध चाललं तर भोवती जंतू उगवत नाहीत,
चंद्राला पडतं तसं खळं पडतं.
आज पहिलीला खळं नाही. दुसरीला नाही.
तिसरीच्या अगदी काठाला भिडून
सायीसारखा धरलाय शिगेला.

अवूओर पट्टी लावते, लिहिते:
सहा. सहा. सहा.
मी इथे नवखा, विचारलं, शून्य का नाही?
"चकतीच सहा मिलिमीटरची आहे.
औषध निदान हजर होतं,
एवढं तरी नोंदवायला नको?"

या जंतूच्या पोटात एक कडं असतं.
आईनं लेकीला द्यायचं देणं निराळं;
हे शेजारणीला देतात,
कुळी न विचारता, परत न मागता,
भिंतीला भिंत लागली की हातोहात.
तेवढ्याशा गोल धाग्यावर
तीन औषधांची तोडगी ओळीनं लिहिलेली.
बाहेरचं खळं पुसून टाकणारं
आतलं खळं.

अपियोला जुळी बहीण आहे, अदोंगो.
ठणठणीत. वॉर्डच्या पायरीवर बसून
उसाचं कांडं चावत होती.
तिचाही नमुना घेतला, सहज म्हणून.
तिच्यात शिगेला नाही,
साधा ई कोलाय, तुमच्या-माझ्या आतड्यात नांदणारा,
कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला.
त्याच्याकडे तेच कडं.
तीच ओळ, त्याच क्रमानं.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला.
स्वाहिलीत सांगायला गेलो,
बैल जमले, दावं जमलं, 'वाण'पाशी अडलो.
अवूओरनं मात्र नेमकं बोट ठेवलं:
"यातला ढवळ्या कोण?"

मला सांगता येईना.
गेल्या पावसात दोघींना जुलाब झाले तेव्हा
अकेयोनं टपरीवरून चार गोळ्या घेतल्या होत्या, सुट्या.
पुरत्या घ्यायच्या तर दोन दिवसांची मासळी गेली असती.
जुळ्यांना सगळं निम्मं-निम्मं,
गोळीही तिनं दातांनीच तोडली.
अदोंगो दुसऱ्या दिवशी खेळायला गेली.
हे सांगताना अकेयोच्या आवाजात
थोडा अभिमान होता.
डॉक्टर नेकेसांनी तो तसाच राहू दिला.

सहाव्या चकतीला खळं आहे.
सव्वीस.
अवूओर दोनदा मोजते, मग वॉर्डला फोन लावते,
"सहावं चालेल, आत्ताच सुरू करा."
पलीकडे कुणीतरी धावत गेल्याचा आवाज.

खिडकीबाहेर सरोवरात ओमेनाच्या होड्या,
होडीहोडीशी कंदील,
कंदिलाभोवती पाण्यावर पिवळं वर्तुळ, आणि त्यात
वर वर येणारे मासे.

ती बशी पुन्हा उजेडाखाली धरते.
सव्वीसच्या आत, काठाला नव्हे, चांगला आत,
एक ठिपका.
डोळ्यांतलं पाणी असेल म्हणून तिनं डोळे पुसले,
मग माझ्याकडे दिली.

वहीत व्यासाचा रकाना आहे.
ठिपक्याचा नाही.
तिनं समासात लिहिलं: एक.