येण्याचं कारण

वहीला चार रकाने आहेत:
नाव, देश, तारीख, येण्याचं कारण.
शेवटची नीट नोंद एका कोरियन जोडप्याची.
कारणापुढे त्यांनी छोटा सिंह काढलाय, तीन तोंडांचा,
आमच्या भिंतीवर आहे तसाच,
फक्त जरा मांजराकडे झुकलेला.

मग खार्तूममध्ये गोळीबार सुरू झाला.
निरीक्षकसाहेबांचा फोन लागत नाही,
चौदा महिने पगार नाही.
किल्ली माझ्याकडेच आहे, पण देवळाला दार नाही;
किल्ली तिकिटाच्या खोलीची,
आणि तिथे आता बतूलची सासू झोपते.

ट्रक आला तेव्हा मी नियमाप्रमाणे वही पुढे केली.
एकतीस माणसं, दोन बकऱ्या, एक शिवणयंत्र.
देशाच्या रकान्यापाशी म्हातारा इदरीस थबकला.
"हाच ना?" म्हणाला. "अजून?"
कारणात कुणी लिहिलं 'घर जळलं',
कुणी नुसतंच 'सावली'.
बतूलने बराच वेळ पेन हातात धरलं
आणि लिहिलं, 'बघायला नाही आले'.

पहिल्याच रात्री तिने चूल मांडली
पश्चिमेच्या भिंतीला टेकवून, वारा लागू नये म्हणून.
तिथे राणी आहे: रुंद, भारदस्त, तलवार उगारलेली,
मुठीत शत्रूंचे केस.
ती लढाई नेमकी कुणाशी होती
ते आमच्या साहेबांनाही सांगता येत नसे.
मी ओरडलो, काजळी धरेल, काजळी!
बतूल फुंकर घालत राहिली.
"ही दोन हजार वर्षं उभी आहे ना?
मुज्तबा चार वर्षांचा आहे.
त्याला आत्ता भूक लागलीय."

मी घरी गेलो. माझ्या खोपटाचं दार बिजागरीतून उपसलं,
बाभळीपाशी वाऱ्याच्या आड उभं केलं,
चूल तिकडे हलवली.
तेव्हापासून माझ्या घरालाही दार नाही,
देवळासारखं.

मग विहिरीवरच्या उंटवाल्याने सांगितलं:
पिकअप फिरतेय. सोनं विचारतात.
नाही मिळालं तर दगडाची डोकी
कटरने कापून नेतात, गिऱ्हाईक असतं म्हणे.

इदरीस ओम्दुर्मानचा गवंडी.
"चिकण माती," म्हणाला, "चाळून. शेण नको, डाग राहतो.
आणि खाली कापड."
बतूलचं शिवणयंत्र संध्याकाळपासून खडखडत होतं,
मदतीच्या पिठाच्या रिकाम्या पिशव्या, सव्वीस.
रात्रभर आम्ही राणीला लिंपत होतो,
कंदील पदराआड धरून.
बायकांनी तिचे डोळे हलक्या हाताने बुजवले.
कैद्यांपाशी बतूल एकटी बसली.
"याचे केस," ती म्हणाली, "चिखलात तरी सुटू देत."

सकाळी सातजण उतरले.
त्यांनी पाहिली मातीची भिंत, वाळत घातलेले कपडे,
लेंड्या, आणि एक शेंबडं पोर.
"काय आहे इथे?"
"माणसं," बतूल म्हणाली.

जाताना शिवणयंत्र घेऊन गेले.

धूळ बसल्यावर मी वही उघडली.
नाव: सांगितलं नाही. देश: हाच.
कारण: शिवणयंत्र.
बतूलने वाचलं, काही बोलली नाही,
त्या दिवशी ती चुलीपाशीही आली नाही.

मागच्या पानावर साहेबांसाठी लिहून ठेवलंय:
पश्चिमेची भिंत, पिठाच्या पिशव्या, वर बोटभर माती.
साध्या पाण्याने निघते. ब्रश मऊ घ्यावा.
घाई करू नये.
खाली सही, आणि शिक्का, जो धड उमटला नाही.

सिंहाचा एक पंजा मुज्तबाने उकरून काढलाय.
मी रोज लिंपतो, तो रोज उकरतो.

आमच्याकडे पावसाळ्याला खरीफ म्हणतात.
यंदा चांगला झाला तर तो आपणहून धुऊन काढेल तिला,
केस पुन्हा मुठीत येतील.
तेव्हा इथे कोण असेल, सांगता येत नाही.
वही तिकिटाच्या खिडकीत आहे,
पेन दोऱ्याने बांधलंय.